लोकचुंगच्या ड्रॅगनची दाढी

लोकचुंग गावाने मोक वायखेंग यांना दिलेलं काम एका ओळीत मावणारं होतं: पाचव्या महिन्याच्या सणाआधी ड्रॅगनच्या डोक्यावरची धूळ पुसायची. पुसायची, इतकंच. धुवायची, असं कुणी म्हटलं नव्हतं. पुढच्या चार दिवसांत हा फरक त्यांना घरी, दारी आणि बाजारात इतक्या जणांनी समजावून सांगितला, की पुसणे या विषयावर ते आता व्याख्यान देऊ शकतील.

खेंगकाका एकतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचत हिंडले. एकही आकडा चुकला नाही, आणि ही गोष्ट त्यांनी ज्याला सांगितलेली नाही असा माणूस गावात सापडणं कठीण. निवृत्त झाल्यावर आपल्याला देवघराच्या कमिटीत घेतील अशी त्यांची अपेक्षा होती. देवघर म्हणजे मोक घराण्याच्या पूर्वजांचं. गावात सगळेच मोक, त्यामुळे कमिटीला उमेदवारांची टंचाई नव्हती. दोन वर्षं त्यांना फक्त खुर्च्या मोजायला दिल्या. खुर्च्या दोनशे चाळीस होत्या आणि दोन्ही वर्षी तितक्याच भरल्या. यंदा मात्र डोकं पुसणाऱ्या मानकऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, आणि कमिटीचे प्रमुख थाक आजोबा यांनी खेंगकाकांच्या हातात नवं कोरं फडकं ठेवलं. आजोबांचं वय चौऱ्याऐंशी, दोन्ही कान कामातून गेलेले. "नीट पुस," ते म्हणाले. खेंगकाकांचे डोळे भरून आले.

आता होडीच्या नाकावर बसवायचं हे लाकडी डोकं साधं नव्हे. लोकचुंगचा ड्रॅगन हा मुलगा आहे आणि नदीपलीकडच्या हाकशेक गावाचा ड्रॅगन त्याचा बाप. कुठल्याशा जुन्या पुरात हाकशेकच्या लोकांनी लोकचुंगची होडी वाचवली, तेव्हा हे नातं जुळलं. तेव्हापासून पाचव्या महिन्याच्या पाचवीला बाप आपल्या होडीतून मुलाकडे जेवायला येतो. मुलगा खाडीच्या तोंडाशी सामोरा जातो आणि तीनदा पुढेमागे होत पाण्याला नाक लावून नमस्कार करतो. बापाच्या होडीवरचा ढोल वाजला, की नमस्कार पोचला. नाही वाजला, तर बाप तोंड फिरवून घरी जातो. खेंगकाकांच्या आजोबांच्या काळात वल्हेकऱ्यांच्या उत्साहात मुलाची होडी अर्धा हात बापाच्या पुढे गेली होती, तेव्हा ढोल वाजला नाही. पुढची अकरा वर्षं दोन गावांत येणंजाणं बंद आणि लग्नंही बंद.

बापाची दाढी पांढरी आणि मुलाची काळी. तागाची, हातभर लांब, आणि हाकशेकनेच दिलेली; बाजारातून नवी आणून डकवायची सोय नाही. आणि ह्या सगळ्यावर कडी म्हणजे खेंगकाकांच्या पत्नी फान या हाकशेकच्या. वर्षातून एकदा त्यांचं अख्खं माहेर होडीत बसून वल्ही मारत त्यांच्या दारात येतं. त्यासाठी त्या महिनाभर आधीपासून भाताच्या पुड्यांची बांबूची पानं भिजत घालतात.

रिवाजाप्रमाणे खेंगकाकांनी पपनसाच्या पानांचं पाणी केलं आणि डोकं पुसलं. शिंगं पुसली, डोळे पुसले, नाकपुड्यांत काडीला फडकं गुंडाळून पुसलं. पण दाढीच्या मुळाशी हिरवट बुरशी होती, आणि ती पुसून जाईना. दुसऱ्या कुणी डोळेझाक केली असती. पण काचेवरचा डाग काढल्याशिवाय मीटरचा आकडा न लिहिणारा हा माणूस! त्यांनी दाढी सोडवली, पिशवीत घालून घरी आणली, बादलीत पाणी घेतलं आणि फानच्या पांढऱ्या कपड्यांच्या बाटलीतलं ब्लीच दोन झाकणं ओतलं. बाटलीवर लिहिलं होतं, अर्धा तास. खेंगकाका अर्धा तास मोजायला आरामखुर्चीत बसले.

त्यांना जाग आली ती फानच्या आवाजाने.

"अहो, ह्या बादलीत कुणाची दाढी आहे?"

"ड्रॅगनची," खेंगकाका डोळे चोळत म्हणाले.

"कुठल्या ड्रॅगनची?"

"आपल्या. दुसरा कुठला ड्रॅगन माझ्याकडे दाढी देईल?"

"आपल्या ड्रॅगनची दाढी काळी आहे," फान म्हणाल्या. "ही माझ्या माहेरच्या ड्रॅगनहून पांढरी आहे."

खेंगकाका उठून पाहायला गेले. बुरशी गेली होती, त्याबद्दल वाद नाही. बुरशीबरोबर रंगही गेला होता, आणि बादलीत एखाद्या शतायुषी साधूने आत्ताच काढून ठेवावी अशी दाढी तरंगत होती.

"मुलगा बापाहून म्हातारा केलात तुम्ही," फान खुर्चीत बसत म्हणाल्या. "माझे मोठे काका होडीत पुढे बसतात, ठाऊक आहे ना? एक्याण्णव वर्षांचे. ते पंखा वर करतात तेव्हा ढोल वाजतो. ह्या दाढीला बघून ते पंखा वर करतील?"

"फोन करून आधीच सांगितलं तर?"

"काय सांगाल? की आता आम्ही तुमच्याहून मोठे, येऊन नमस्कार करून जा?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "अहो, आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे ती होडीच आहे हो."

खेंगकाकांना फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ते नेहमी करतात तेच त्यांनी केलं: वही काढून उपायांची यादी लिहायला घेतली.

पहिला उपाय घरातच होता. फान महिन्यातून एकदा केसांना लावतात तो काळा रंग. दोघांनी मिळून दाढीला लावला, चाळीस मिनिटं ठेवला (ह्या वेळी खेंगकाका उभे राहिले, खुर्चीच्या वाटेला गेले नाहीत), धुतला आणि वाळत घातला. वाळल्यावर दाढी जांभळी झाली. मधेमधे तांबूस पट्टे.

"केसांचा रंग आहे तो, तागाचा नाही," शेजारच्या लिनकाकू कुंपणावरून म्हणाल्या.

म्हणजे लिनकाकूंना कळलं होतं. लिनकाकूंना कळलं म्हणजे गावाला कळलं, ह्यात सांगण्यासारखं काही नाही. संध्याकाळपर्यंत खेंगकाकांच्या अंगणात अकरा सल्लागार जमले. कुणी बुटाचं पॉलिश सुचवलं, कुणी जुन्या कढईची काजळी. लिनकाकूंनी वाटीभर काळे तीळ आणून दिले, ते दाढीसाठी नसून खेंगकाकांसाठी होते. काळजीने माणसाचे केस पिकतात, काळ्या तिळांनी थांबतात, असं त्यांचं म्हणणं. खेंगकाकांनी अपमान गिळला आणि त्यावर तीळही गिळले.

एवढ्या सहाशे घरांत फक्त एका माणसाला पत्ता नव्हता: थाक आजोबांना. त्यांना काही सांगायचं तर कानाशी ओरडावं लागतं, आणि तेवढ्या आवाजात ही बातमी ओरडली असती तर ती वाऱ्याच्या मदतीने थेट हाकशेकला गेली असती. म्हणून सगळं गाव आजोबांसमोर गप्प राहिलं. लोकचुंगमध्ये इतकी शांतता कधीच नव्हती.

दुसरा उपाय नूडलवाल्या तातशिंगचा. तातशिंगचं अक्षर गावात सर्वांत सुंदर. नववर्षाला दारांवर लावायचे शुभेच्छांचे लाल कागद तोच लिहितो. "खेंगदादा, शाई!" तो म्हणाला. "माझ्याकडची शाई कागदावरून शंभर वर्षं जात नाही." आणि खरंच, शाईत बुडवल्यावर दाढी अशी काही काळी झाली की अंगणात टाळ्या पडल्या. तातशिंगने वाकून नमस्कारही केला. मग फान शांतपणे उठल्या आणि त्यांनी नळ सोडला.

काळं पाणी अंगणभर झालं, पायऱ्यांवरून उतरलं आणि लिनकाकूंच्या कोथिंबिरीत गेलं.

"तीनदा नाक पाण्यात बुडवायचंय," फान म्हणाल्या. "पहिल्यांदा बुडेल काळा, तिसऱ्यांदा वर येईल पांढरा. माझ्या काकांना वाटेल नमस्कार करता करता म्हातारा झाला."

शाई काढायला दाढी पुन्हा धुवावी लागली, जांभळा जावा म्हणून आणखी एकदा. दर धुण्यात ती आधीपेक्षा उजळ होत गेली. उलट खेंगकाकांचे हात कोपरापर्यंत काळे झाले ते काही केल्या उतरेनात. शाईबद्दल तातशिंग खोटं बोलला नव्हता, एवढं कबूल करायला हवं.

तिसरा उपाय सरकारी होता. शहरात एक कापड रंगवणारा होता, तो तागाला पक्का काळा रंग एका दिवसात देतो म्हणाला. पण त्याच्या दुकानात पोचल्यावर त्याने विचारलं, "हे नोंदणीतलं नाही ना?" नोंदणीतलंच होतं. दोन वर्षांपूर्वी ड्रॅगनचं डोकं दाढीसकट लोकपरंपरेच्या वस्तूंच्या यादीत गेलं होतं. त्याचा समारंभ झाला होता आणि खुर्च्या खेंगकाकांनीच मोजल्या होत्या. "मग परवानगी आणा," रंगारी म्हणाला आणि त्याने दाढी दोन बोटांनी परत केली.

नोंदणीच्या ऑफिसात कुमारी याउ नावाच्या तरुण बाई होत्या. अतिशय सौम्य. त्यांनी खेंगकाकांना चहा दिला, यादी उघडली आणि वाचलं: "दाढी: काळी."

"बरोबर," खेंगकाका म्हणाले. "ती काळी करायची परवानगी हवी आहे."

"पण काका, ती काळीच आहे."

"ती पांढरी आहे." त्यांनी पिशवी उघडून दाखवली.

कुमारी याउंनी पिशवीत पाहिलं, मग यादीत पाहिलं. "मग आधी ती पांढरी झाल्याची नोंद करावी लागेल. ती मंजूर झाली की पांढऱ्याची काळी करायचा अर्ज. दोन्ही मिळून वीस दिवस लागतील कामकाजाचे."

"सण परवा आहे."

"सणाच्या सुट्ट्या धरलेल्या नाहीत," त्या आणखी सौम्यपणे म्हणाल्या आणि एक फॉर्म पुढे सरकवला. "इथे फक्त बदलाचं कारण लिहा. थोडक्यात."

खेंगकाकांनी पेन उचललं. एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या बिघडलेल्या मीटरांपुढे कारणं लिहिली होती, आणि त्यांतलं सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं कारण होतं 'ग्राहकाचा निष्काळजीपणा'. ते शब्द त्यांच्या बोटांना तोंडपाठ होते. कितीतरी लोकांनी हात जोडून सांगितलं होतं, साहेब, तेवढं लिहू नका. त्यांनी लिहिलं होतं. आता पेन कागदावर टेकलं आणि पुढे जाईना. त्यांनी फॉर्म कोराच ठेवला आणि घरी येऊन फानला म्हणाले, "मी सकाळी आजोबांकडे जाऊन कबूल करतो. मानकरी दुसरा करू देत."

चौथीच्या सकाळी ते देवघरात गेले, दाढी आजोबांच्या मांडीवर ठेवली आणि कानाशी तोंड नेऊन, पण ओरडायचं धाडस न होऊन, सगळं सांगितलं. बादली, ब्लीच, आरामखुर्ची. आजोबा मान डोलवत होते. शेवटी त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "स्वच्छ केलीस. छान. बांध आता." त्यांनी ऐकलं होतं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. खेंगकाकांनी दाढी बांधली, वर लाल कापड टाकलं, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पाचवीला नदीच्या दोन्ही काठांवर छत्र्याच छत्र्या. डोक्याच्या मानकऱ्याने होडीच्या नाकावर, डोक्याला धरून बसायचं असतं, म्हणजे लपायचीही सोय नाही. मागे साठ वल्हेकरी, मधे ढोल, आणि सगळ्यांत पुढे खेंगकाका, काळ्या हातांनी पांढऱ्या दाढीचा ड्रॅगन धरून. फान काठावर उभ्या होत्या. त्यांनी माहेरच्या माणसांसाठी ठेवणीतला हिरवा सदरा घातला होता. कापड काढलं तेव्हा काठावर फटाके वाजत होते ते संपले आणि नवे कुणी लावले नाहीत.

हाकशेकची होडी वळणावरून आली. पुढे पांढऱ्या दाढीचा बाप, त्याच्यामागे छत्रीखाली लो आजोबा, फानचे मोठे काका, मांडीवर ताडपत्राचा पंखा. त्यांच्या पाठीमागे ढोलावर त्यांचा मुलगा.

लोकचुंगच्या होडीने पहिला नमस्कार केला. नाक पाण्यात गेलं, वर आलं. दुसरा. तिसरा. दाढीतून पाणी निथळत होतं आणि उन्हात ती अशी लखलखत होती की खेंगकाकांना तिच्याकडे बघवेना. कोरी चादर वाळत घातल्यासारखी. त्यांनी डोळे मिटले आणि ढोलाची वाट पाहिली.

ढोल वाजला नाही.

दोन्ही होड्यांची वल्ही थांबली. मधलं दहा हात पाणी नुसतं हलत होतं. लो आजोबा दाढीकडे बघत होते. मग त्यांनी खेंगकाकांच्या हातांकडे पाहिलं.

"जावईबापू," ते म्हणाले. पाण्यावर आवाज लांब जातो. काठावर सगळ्यांना ऐकू आलं. "दाढी पांढरी आणि हात काळे. उलट नाही का झालं?"

"मी धुतली," खेंगकाका म्हणाले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि तोंड उघडलं तशी त्यांना जरा हुशारी आली. "पुसायला सांगितली होती. मी ब्लीचमध्ये घातली आणि झोपलो. चूक गावाची नाही, माझी एकट्याची. माझा निष्काळजीपणा. माझ्यासाठी तोंड फिरवू नका, काका. फान काठावर उभी आहे."

लो आजोबांनी काठाकडे पाहिलं. मग ते हळूहळू, एक्याण्णवाव्या वर्षी माणूस वळतो तितक्या हळू, मागे वळले आणि ढोलावर बसलेल्या आपल्या मुलाकडे बघत राहिले. मुलगा अडुसष्ट वर्षांचा. डोक्यावर एक काळा केस नव्हता.

"तुझे केस कधी पिकले रे?"

"झाली की बाबा पंधरा वर्षं."

"मला कुणी सांगितलं नाही ते."

"तुम्ही रोज बघता मला!"

"रोज बघतो म्हणून दिसलं नाही," म्हातारा म्हणाला. त्याने हात लांब करून मुलाच्या डोक्यावर ठेवला, आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मग लोकचुंगच्या ड्रॅगनकडे वळून म्हणाला, "आणि हा तर माझ्या आजोबांच्या आधीपासून आपला मुलगा. किती दिवस काळी दाढी लावून पोरासारखा मिरवणार? पोराचे केस पिकलेले बघायला मिळतात असे बाप किती असतात? मला मिळाले. ह्या आमच्या ड्रॅगनलाही मिळाले. अरे, ढोल बडव की! बघतोस काय?"

आणि त्याने पंखा वर केला.

ढोल असा वाजला की खेंगकाका दचकून पाण्यात पडले. हे मानकऱ्याला शोभणारं नव्हतं, पण त्यांना काढणाऱ्या साठ हातांत हाकशेकचे निम्मे होते, आणि काठावर फटाके पुन्हा सुरू झाले होते. वर काढल्यावर त्यांना आधी फान दिसल्या. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि त्यांच्यावर ओरडत होत्या की त्यांच्या अंगातला तो चांगला सदरा होता.

जेवायला दोनशे चाळीस खुर्च्या पुरल्या नाहीत. भाजलेलं डुक्कर आलं, बांबूच्या पानातल्या भाताच्या पुड्या आल्या. लो आजोबा आणि थाक आजोबा शेजारी बसले होते.

"एक अट आहे," लो आजोबा म्हणाले. "मुलगा एवढा पिकल्यावर बापाची दाढी नुसती पांढरी असून भागायचं नाही. पुढच्या वर्षी ती पाण्याला टेकली पाहिजे. ती जावयाने करून द्यायची. आणि धुवायची नाही."

"पुसायचीही नाही," फान म्हणाल्या.

"आणि थाक," लो आजोबा शेजाऱ्याच्या कानाशी ओरडले, "तुला हे माहीत नव्हतं?"

"काल मांडीवर ठेवली होती की त्याने," थाक आजोबा हाड चोखत म्हणाले. "मला ऐकू येत नाही. डोळे शाबूत आहेत."

"मग बांधू का दिलीस?"

"पांढऱ्या केसांचा तुझा मुलगा ढोलावर असतो, ते मला ठाऊक होतं."

खेंगकाका हातातली पुडी तशीच धरून त्यांच्याकडे बघत राहिले. ते कालपासून उपाशी होते, हे त्यांना आता आठवलं, आणि मग त्यांनी एकामागून एक पाच पुड्या खाल्ल्या.

पलीकडच्या टेबलावर कुमारी याउ होत्या. सण बघायला आल्या होत्या, पण फॉर्म बरोबर आणलाच होता. "काका, तेवढं कारण राहिलंय," त्या सौम्यपणे म्हणाल्या.

खेंगकाकांनी शर्टाला हात पुसून पेन घेतलं. दाढी: पांढरी. बदलाचं कारण: आणि त्यापुढे मीटरचे आकडे लिहायचे त्याच सुबक अक्षरात त्यांनी लिहिलं, 'वयोमानानुसार'. कुमारी याउंनी वाचलं, पर्समधून शिक्का काढून मारला आणि दुसरी पुडी सोडायला घेतली.